ओली पावले

[घाम सर्वांनाच येतो. पण काही मुलामुलींच्या तळपायांना इतका घाम येतो की मोजे भिजतात, बुटांना वास येतो आणि चारचौघांत बूट काढण्याची लाज वाटते. हा घाम का येतो, त्याला वास कसा लागतो आणि त्यावर कोणते उपाय करावेत, हे या पाठात एका विद्यार्थ्याच्या अनुभवातून सांगितले आहे.]

जुलै महिना संपत आला होता. भिवंडीत सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती. मी नववीच्या वर्गाची हजेरी घेत होतो. एका मुलाचे नाव पुकारले, पण उत्तर आले नाही. मी हजेरीपट नीट पाहिला. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हा मुलगा एरवी नियमित येत होता. फक्त मंगळवारी तो गैरहजर असे.

मंगळवारी आमच्या शाळेत नववीला संगणकाचा तास असतो. संगणक कक्षात जाताना बूट बाहेर काढावे लागतात.

या मुलाचे खरे नाव मी सांगणार नाही. आपण त्याला सलीम म्हणू. सलीमचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. मुलगा अभ्यासात चांगला आणि स्वभावाने शांत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतले.

"सलीम, दर मंगळवारी कुठे असतोस रे?" मी विचारले.

त्याने मान खाली घातली. इतर मुले निघून गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, माझ्या पायांना फार घाम येतो. बूट काढले की फरशीवर पावलांचे ठसे उमटतात. वासही येतो. मुले नाक मुरडतात."

"एवढ्यासाठी तास चुकवतोस?"

"फक्त तासच नाही, सर. जुम्याच्या नमाजलाही मी सगळ्यांत मागच्या सफमध्ये उभा राहायचो. सजद्यात मागच्या माणसाचे डोके पुढच्याच्या पायांजवळ येते ना! पण उशिरा आलेले लोक माझ्या मागे आणखी एक सफ करायचे. मग माझे लक्ष नमाजमध्ये राहायचे नाही. आता मी मशिदीत जातच नाही. घरीच नमाज पढतो. अब्बांना हे ठाऊक नाही."

मी जरा वेळ विचार केला आणि म्हणालो, "पाय रोज स्वच्छ धुतोस ना?"

"सर, वजू करताना रोज पाच वेळा धुतो."

मी गप्प झालो. दिवसातून पाच वेळा पाय धुणाऱ्या मुलाला मी स्वच्छतेचा उपदेश करायला निघालो होतो! माझा प्रश्नच चुकला होता. सलीमला उपदेश नको होता, माहिती हवी होती. आणि ती माहिती माझ्याजवळही नव्हती. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून मी त्याच्या अब्बांना भेटलो. त्याच आठवड्यात आम्ही तिघे सरकारी रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी सलीमचे तळवे पाहिले, बोटांच्या मधली त्वचा पाहिली आणि विचारले, "झोपेत पाय ओले होतात का?"

"नाही. सकाळी उठतो तेव्हा कोरडे असतात."

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

सलीम "नाही" म्हणणार, एवढ्यात त्याच्या अब्बांनी आपले दोन्ही तळहात पुढे केले. ते घामाने चमकत होते. "मला आहे, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "मागावर तुटलेला धागा जोडताना दर वेळी बोटे सदऱ्याला पुसावी लागतात. लहानपणापासून असेच आहे. मी कधी कुणाला सांगितले नाही."

सलीम अब्बांच्या हातांकडे पाहतच राहिला. एकाच घरात राहणारे बाप आणि लेक एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते.

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांला जे समजावून सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

घाम कशासाठी येतो?

आपल्या त्वचेत घाम तयार करणाऱ्या अतिशय बारीक ग्रंथी असतात. माणसाच्या शरीरात त्यांची संख्या सुमारे २० ते ४० लाख असते. घाम म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात थोडे मीठ असते. मातीच्या मडक्यातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. आपले शरीरही असेच गार राहते. त्वचेवरील घामाची वाफ होताना ती शरीराची उष्णता घेऊन जाते. घाम आला नाही, तर उन्हाळ्यात माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

मात्र तळहात आणि तळपाय यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. घामाच्या ग्रंथी याच दोन ठिकाणी सर्वांत दाट असतात. येथे येणारा घाम मुख्यतः उष्णतेमुळे येत नाही. तो मनावरच्या ताणामुळे येतो. जपानमधील शास्त्रज्ञ यास कुनो यांनी घामाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९३४ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्णतेचा घाम आणि मनाच्या ताणाचा घाम यांतील फरक त्यांनी दाखवून दिला. परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात घेताना तुमचे तळहात ओले होतात, ते याचमुळे.

हा घाम निरुपयोगी नाही. पुस्तकाचे पान उलटताना आपण बोट किंचित ओले करतो, कारण ओलसर बोटाची पकड चांगली बसते. धोक्याच्या वेळी पळताना किंवा झाडावर चढताना हातापायांची पकड घट्ट राहावी, म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

काही लोकांत ही सोय गरजेपेक्षा जास्त काम करते. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून हुकूम मिळतो. हा हुकूम फार जोरात किंवा विनाकारण सुटू लागला, की ग्रंथी निरोगी असूनही घाम वाहतो. हा त्रास बहुधा बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतो. दोन्ही पायांना सारखाच होतो. झोपेत थांबतो. पुष्कळ वेळा तो अनुवंशिक असतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरातील सुमारे तीन जणांना अति घामाचा त्रास असल्याचे दिसून आले. म्हणजे सलीम एकटा नाही. हा त्रास अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

मग वास कुठून येतो?

ताज्या घामाला वास नसतो. वास तयार करतात ते जिवाणू. प्रत्येक माणसाच्या त्वचेवर असंख्य जिवाणू राहतात. बंद बुटात पाय तासन्‌तास ओला राहिला, की वरची त्वचा भिजून मऊ होते. ऊब, ओल आणि मऊ मृत त्वचा मिळाली, की जिवाणू झपाट्याने वाढतात. घामातील आणि त्वचेतील द्रव्यांवर ते जगतात. त्यातून वास असणारी आम्ले तयार होतात. पायांच्या वासामागील अशा एका आम्लाचा शोध जपानी संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव आयसोव्हॅलेरिक आम्ल.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. वास घालवायचा असेल, तर पाय नुसते धुणे पुरेसे नाही. पाय कोरडे राहिले पाहिजेत. सलीमचे नेमके येथेच चुकत होते. वजू करून तो घाईघाईने ओल्या पायांवर मोजे चढवी. भिवंडीची हवा पावसाळ्यात दमट असते. बुटात अडकलेले पाणी वाळायला जागाच नसे. पाच वेळा धुतलेले पाय पाचही वेळा ओलेच बंद होत.

लाजेचे चक्र

डॉक्टरांनी सलीमला आणखी एक गोष्ट सांगितली. "संगणक कक्षाच्या दाराशी उभा असताना तुझ्या मनात काय येते?"

"आता पाय ओले होणार, आता सगळे पाहणार."

"आणि पाय तेव्हाच जास्त ओले होतात. खरे ना?"

सलीमने मान हलवली.

हे एक चक्र आहे. घामाची भीती वाटते. भीतीमुळे मनावर ताण येतो. ताणामुळे तळव्यांना आणखी घाम येतो. मग भीती आणखी वाढते. जो मित्र नाक मुरडतो, तो या चक्राला एक धक्का देतो. जो मित्र साधेपणाने शेजारी बसतो, तो ते हळू करतो.

रोजची काळजी

डॉक्टरांनी सांगितलेले साधे उपाय असे आहेत :

१. पाय धुतल्यावर प्रत्येक वेळी पुसून कोरडे करावेत. बोटांच्या मधली जागा विसरू नये. वजू करताना आपण खिलाल करतो, म्हणजे पायाच्या बोटांमधून हाताचे बोट फिरवून तेथे पाणी पोहोचवतो. जेथे पाणी पोहोचवले, तेथून ते रुमालाने टिपूनही घ्यावे.

२. मोजे रोज धुतलेले असावेत. नायलॉनचे मोजे घाम फारसा शोषत नाहीत. सुती मोजे घाम शोषतात, पण ते ओले राहतात. म्हणून दुपारी मोजे बदलावेत. दप्तरात एक कोरडी जोडी ठेवावी.

३. प्लॅस्टिकच्या व रबराच्या बंद बुटांत हवा खेळत नाही. कॅनव्हासचे किंवा चामड्याचे बूट त्यापेक्षा बरे. घरी आल्यावर बूट लगेच काढावेत आणि उघडी चप्पल घालावी.

४. भिजलेला बूट पूर्ण वाळायला एक दिवस तरी लागतो. म्हणून बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात.

हा चौथा उपाय मी वाचून दाखवला, तेव्हा अब्बा काही बोलले नाहीत. सलीमही खाली पाहू लागला. त्याच्याकडे एकच जोडी होती आणि वर्ष संपेपर्यंत ती पुरवायची होती. दुसऱ्यांदा माझी चूक माझ्या लक्षात आली. सर्वांनाच करता येत नाही, तो उपाय अपुरा असतो.

उपाय शेवटी सलीमच्या अम्मींनी शोधला. रोज संध्याकाळी त्या बुटांची जीभ वर ओढून, आतले तळ बाहेर काढून ठेवू लागल्या. बुटांत भरायला वर्तमानपत्र घ्यावे, असे शेजारणीने सुचवले होते. पण उर्दू वर्तमानपत्रात कुठेतरी पाक नाव छापलेले असते. ते बुटात कसे घालणार? म्हणून अम्मींनी कोरा खाकी कागद आणि जुन्या सुती कापडाच्या चिंध्या घेतल्या. रात्रभर त्या ओल शोषून घेत. पहाटे चिंध्या काढून बूट पंख्याखाली ठेवत. शाळेच्या वेळेपर्यंत बूट कोरडे होत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एवढे करूनही घाम कमी झाला नाही, तर औषधे आहेत. ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण घामाच्या ग्रंथींची तोंडे काही काळ बंद करते. डॉक्टरांनी सलीमला तेच लिहून दिले. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या तळव्यांना लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. त्वचा फाटलेली असेल तर ते लावू नये, कारण आग होते. आपल्या ओळखीची तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच एक क्षार आहे. दाढीनंतर न्हावी ती गालावर फिरवतो आणि त्वचा आवळल्यासारखी वाटते, हे तुम्ही पाहिले असेल.

त्रास फारच असेल, तर रुग्णालयात पाय उथळ पाण्यात ठेवून त्यातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. या उपचाराचे यंत्र वेगळे असते. मुलांनो, घरातील वीज आणि पाणी यांचा असा खेळ कधीही करू नका. त्यात जीव जाईल. काही मोठ्या रुग्णांना डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनेही देतात.

पुढील गोष्टी दिसल्या, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे : बोटांच्या मध्ये चिखल्या होऊन खाज सुटणे, त्वचा पांढरी पडून फाटणे, तळव्यावर बारीक खड्डे दिसणे, एकाच पायाला घाम येणे, रात्री झोपेत अंग घामाने भिजणे, घामाबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे. अशा वेळी घामामागे दुसरा आजार असू शकतो.

मंगळवारचा तास

पुढच्या आठवड्यात मी वर्गात घामाचा पाठ शिकवला. सलीमचे नाव घेतले नाही. प्रत्येकाला डाव्या हातावर एक प्लॅस्टिकची पिशवी चढवायला सांगितली आणि मनगटाशी ती सैल बांधली. दहा मिनिटांनी पिशव्या काढल्या, तर सर्वांचे हात ओले झाले होते. मी म्हणालो, "तुमचा हात दहा मिनिटे बंद होता. बुटात पाय सहा तास बंद असतो."

वर्गात कुणी हसले नाही. पूर्वी नाक मुरडणारा एक मुलगा बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत होता. नंतर मुख्याध्यापकांच्या परवानगीने संगणक कक्षाच्या दाराबाहेर आम्ही एक बाक आणि सुती पायपुसणे ठेवले. आता आत जाताना सगळेच पाय पुसतात. सगळेच पुसतात, म्हणून कुणा एकाकडे कुणी पाहत नाही.

सलीमचा घाम पूर्ण गेलेला नाही. परीक्षेच्या दिवसांत त्याचे पाय अजूनही ओले होतात. पण वास राहिला नाही आणि हजेरीपटावर मंगळवारची फुली राहिली नाही. एका शुक्रवारी मशिदीत मी मागे उभा होतो. सलीम आणि त्याचे अब्बा पुढच्या सफमध्ये शेजारी शेजारी उभे होते. सजद्यातून उठताना फरशीवर दोन पुसट ओले ठसे मला दिसले. सलीमने मागे वळून पाहिले नाही.

शब्दार्थ

घाम – पसीना
तळपाय – पाँव का तलवा
हजेरीपट – हाज़िरी का रजिस्टर
उपदेश – नसीहत
त्वचा – जिल्द
ग्रंथी – ग़ुदूद
जिवाणू – जरासीम
दमट – नम, मर्तूब
अनुवंशिक – मौरूसी
ताण – दबाव
टिपणे – पानी जज़्ब करना
चिखल्या – पावसाळ्यात पायाच्या बोटांमध्ये होणारा त्वचेचा रोग

वाक्प्रचार

मान खाली घालणे – लाज वाटणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलीम कोणत्या दिवशी शाळेत गैरहजर असे?
(आ) सलीमचे अब्बा कोणते काम करतात?
(इ) ताज्या घामाला वास असतो का?
(ई) तुरटी हा कशाचा क्षार आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सलीम मशिदीत सगळ्यांत मागच्या सफमध्ये उभा राहत असे.
(आ) पाच वेळा पाय धुऊनही सलीमच्या पायांना वास येत असे.
(इ) अम्मींनी बुटांत वर्तमानपत्र घातले नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लाजेचे चक्र कसे चालते?
(आ) लेखकाच्या कोणत्या दोन चुका त्याच्या लक्षात आल्या?
(इ) शेवटच्या प्रसंगात सलीमने मागे वळून पाहिले नाही. यावरून त्याच्यात कोणता बदल झाला असे तुम्हांला वाटते?

प्र. ४. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मान खाली घालणे, नाक मुरडणे

प्र. ५. कंसातील शब्दाचे योग्य रूप लिहून वाक्य पूर्ण करा.
(अ) माझ्या ______ घाम येतो. (पाय)
(आ) अम्मींनी ______ चिंध्या भरल्या. (बूट)
(इ) सलीम ______ हातांकडे पाहत राहिला. (अब्बा)

उपक्रम : एक सुती आणि एक नायलॉनचा मोजा सारख्याच पाण्यात भिजवून पिळा. दोन्ही मोजे दोरीवर वाळत घाला. कोणता मोजा आधी वाळतो आणि कोणत्यात जास्त पाणी राहते, ते मराठीत पाच वाक्यांत लिहा.